पन्हेरीवाल्यांचा संघ आणि त्याचे पुढारपण

वलगाव हे अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवरचे, पेढी नदीच्या काठचे गाव. बाहेरच्या मंडळींस ते बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी अमरावतीस येता येता याच नदीच्या काठी देह ठेवला. आम्ही या गावचे. पावसाळा लागला की संत्र्याच्या कलमांनी भरलेल्या गाड्या सडकेवरून जाताना आम्ही लहानपणापासून पाहत आलो. हिरव्या पानांचा तो ढीग पाहून आमचे वडील म्हणत, "यात कोणाचं तरी नशीब चाललं रे बाबू." ते रोजंदारीचे मजूर होते, त्यांच्या मालकीचे एकही झाड नव्हते. पण त्या बोलण्यात किती अर्थ भरला होता, हे समजण्यास आम्हांस पुढे तीस वर्षे लागली.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही एखाद्या संपाची हकीकत सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचा जन्म मजुरांच्या चळवळीत गेला. हमाल, जिनप्रेसचे कामगार, पन्हेरीत कलमे बांधणारे मजूर यांच्या संघटना आम्ही बांधल्या. तरीही आज आम्ही बोलणार आहोत ते मालकांच्या संघटनेविषयी; त्यातही रोपे व कलमे तयार करून विकणाऱ्या पन्हेरीवाल्यांच्या संघाविषयी. मजुरांच्या माणसाने मालकांच्या संघाची चिंता का करावी, असे काहींस वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. कायद्याची साक्ष मात्र आधीच काढून ठेवतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेची जी व्याख्या केली, तीत मजूर आणि मालक, मजूर आणि मजूर, तसेच मालक आणि मालक यांच्यामधील संबंधांचे नियमन करणारी प्रत्येक एकजूट बसत होती. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली. पण जुन्या कायद्याने केलेला तो विचार आम्हांस नेहमीच मार्मिक वाटत आला आहे. एकजूट ही केवळ गरिबाची गरज नसून, जिथे एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर येते अशा प्रत्येक धंद्याची ती गरज आहे. पन्हेरीच्या धंद्यात ही गोष्ट इतर कोणत्याही धंद्यापेक्षा अधिक खरी आहे.

ती कशी, हे समजण्यासाठी कलम कसे तयार होते ते शहरातील वाचकांनी थोडे जाणून घेतले पाहिजे. संत्र्याचे झाड आपल्याकडे बियांपासून लावीत नाहीत. आधी जंभेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे बी गादीवाफ्यावर पेरतात. त्याची रोपे काही महिन्यांनी दुसऱ्या जागी लावतात. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याला खुंट म्हणावयाचे. मग हिवाळ्यात चांगल्या संत्र्याच्या झाडावरून काढलेला एक डोळा त्या खुंटाच्या सालीत चीर देऊन बसवितात व पट्टीने बांधतात. डोळा फुटला की वरचा जंभेरीचा भाग छाटतात. म्हणजे जमिनीखाली एक झाड व जमिनीवर दुसरे. पेरणीपासून विक्रीपर्यंत दीड ते दोन वर्षे जातात, आणि पावसाळ्यात ते कलम शेतकऱ्याच्या वावरात जाते.

आता यात फसगत कोठे होते ते पाहा. खुंट जंभेरीचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे विकत घेणाऱ्यास दिसत नाही. डोळा भरपूर फळे देणाऱ्या निरोगी झाडावरचा आहे की वाटेत सापडलेल्या कोणत्याही झाडावरचा, हेही दिसत नाही. ज्या मातीत रोप वाढले तिच्यात मूळकुजीची व डिंक्याची बुरशी होती की नाही, हे तर मुळीच दिसत नाही. सर्व कलमे सारखीच हिरवी, सारखीच टवटवीत. झाडास खरे उत्पन्न धरते पाचव्या-सहाव्या वर्षी. तोवर शेतकरी खत घालतो, विहिरीचे पाणी देतो, उन्हाळ्यात टँकर आणतो, कर्ज काढतो. सहाव्या वर्षी फळ बारीक निघाले, किंवा बुंध्यातून डिंक वाहू लागला, म्हणजे कलमाची जबानी सुरू होते. मग विकणारा कोठे आणि घेणारा कोठे! पावती सापडत नाही, आणि पुष्कळदा ती कधी लिहिलेलीच नसते.

हिशेब अगदी सोपा आहे. सहा मीटरांवर झाड लावले तर हेक्टरात २७७ कलमे बसतात. कलमामागे दहा रुपये वाचविणारा शेतकरी हेक्टरी २७७० रुपये वाचवितो, आणि त्यासाठी सहा वर्षांची मेहनत पणाला लावतो. हलवायाची मिठाई शिळी असली तर त्याच दिवशी बोंब होते. चपलेचा अंगठा तुटला तर महिन्यात समजते. ज्याची खोट सहा वर्षांनी उघडी पडते असा धंदा विरळाच. असा धंदा केवळ घेणाऱ्याच्या चौकसपणावर सोडता येत नाही. त्याला बाहेरून कायदा तरी हवा, किंवा आतून संघ तरी हवा. खरे पाहता दोन्ही हवेत.

संत्रे या मातीत आले ते नागपूरकर भोसल्यांच्या काळी, औरंगाबादेकडून, अशी परंपरागत समजूत आहे. वऱ्हाडचे खरे पीक मात्र कापूस. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवीने आमच्या कापसास सोन्याचा भाव दिला. कापसासाठी रेल्वे आली. पुढे त्याच रेल्वेने संत्रे दूरच्या बाजारांत नेले. सातपुड्याच्या पायथ्याशी वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या भागांत विहिरींच्या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. लोक वरुड-मोर्शीस विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणू लागले. या बागांच्या पाठोपाठ वरुड तालुक्यातील शेंदूरजना घाट येथे कलमे बांधण्याचा धंदा फोफावला. आज त्या गावाचे नाव घेतले की संत्रेवाल्यास आधी पन्हेरी आठवते, मग गाव. आसपासच्या जिल्ह्यांतच नव्हे तर परप्रांतांतही तेथील कलमे जातात.

या शंभराहून अधिक वर्षांच्या काळात संत्रेवाल्यांनी एकजूट केली नाही असे नाही. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन हे नाव आज फारसे कोणास आठवत नाही. पण त्याच नावाची आद्याक्षरे जुळवून झालेला 'नोगा' हा शब्द घरोघरी मुरंब्याच्या व सरबताच्या बाटलीवर पोहोचला. बागाईतदारांच्या संघापासून सुरू झालेली ही खूण पुढे १९६५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषी-उद्योग विकास महामंडळाच्या हाती गेली. आमचे पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. शेतकऱ्याची बाजू मांडणारे देशव्यापी व्यासपीठ असावे हा त्यामागील हेतू. या सर्व प्रयत्नांविषयी आम्हांस आदर आहे. पण त्यांचा रोख पाहिला तर तो फळाच्या भावाकडे, प्रक्रियेकडे आणि सरकारदरबारी दाद मागण्याकडे होता. फळ ज्या कलमातून येते त्या कलमाची खात्री कोणी द्यावयाची, हा प्रश्न बाजूलाच राहिला. पीक हातात आल्यावर आम्ही एकत्र आलो. पीक ज्यातून यावयाचे त्या ठिकाणी मात्र प्रत्येकजण एकटाच राहिला.

या बाबतीत इतरांनी काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंडात रोपे व फुले यांच्या व्यापाऱ्यांचा संघ १८९९ सालीच उभा राहिला. हॉलंडमध्ये आल्समेर नावाचे गाव आहे; तेथील फूल पिकविणाऱ्या माळ्यांनी दलालांच्या मनमानीस कंटाळून १९११ च्या सुमारास आपले सहकारी लिलाव सुरू केले. एकाच गावात दोन लिलाव निघाले व ते १९६८ पर्यंत वेगवेगळे चालले, यावरून माणूस सगळीकडे सारखाच, हे वऱ्हाडातील वाचकांच्या ध्यानात येईल! परंतु त्या लिलावांचे एक तत्त्व घेण्यासारखे होते. सभासदाने आपला सर्व माल संघाच्याच दारातून विकावयाचा, आणि संघाने तो तपासून मगच बाजारात मांडावयाचा. चांगला माल चोरून बाहेर आणि वाईट माल संघाकडे, ही पळवाटच त्यांनी बंद केली. संघाचे नाव मोठे झाले ते या बंधनामुळे.

अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताची गोष्ट याहून कठोर आहे, आणि ती थेट संत्र्याच्या पन्हेरीची आहे. १९१० च्या आसपास जपानातून आणलेल्या खुंटांच्या रोपांबरोबर खैऱ्या रोग त्या किनारी प्रांतांत शिरला. रोग पसरविणारे दुसरे तिसरे कोणी नसून पन्हेऱ्याच होत्या, हे लवकरच ध्यानात आले. १९१५ साली तेथे कायदा करून वनस्पती मंडळ नेमण्यात आले, आणि रोगट रोपे जागच्या जागी जाळण्याचे काम सुरू झाले. बागांतील सुमारे अडीच लाख झाडे जळाली. पन्हेऱ्यांतील रोपे जळाली ती तीस लाखांहून अधिक. जळालेल्या प्रत्येक बागेच्या झाडामागे पन्हेरीतील बारा रोपे, असे हे प्रमाण पडते. १९३३ पर्यंत तो रोग तेथून हटला. यातून एकच धडा घ्यावयाचा. रोग झाडाने पसरण्यास वर्षे लागतात, पन्हेरीने पसरण्यास एक पावसाळा पुरतो.

याच्या उलट टोकाची हकीकत ब्राझीलची. तेथील बागा एकाच जातीच्या, आंबट नारिंगाच्या खुंटावर उभ्या होत्या. १९३७ च्या पुढे ट्रिस्टेझा नावाच्या विषाणुरोगाने त्या खुंटावरील लक्षावधी झाडे वाळून गेली. मग ज्या खुंटांनी तेथील धंदा पुन्हा उभा केला त्यांत मोठा वाटा होता रंगपूर लिंबाचा. म्हणजे आपल्याच पूर्वेकडील बंगालच्या एका गावाचे नाव धारण करणाऱ्या लिंबाचा. आमच्याकडे जंभेरीचाच हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जंभेरी जोमदार खरी, पण डिंक्या व मूळकूज यांपुढे ती कच्ची पडते. रंगपूर लिंबू त्या मानाने तग धरते.

आता पुन्हा आपल्या प्रांताकडे वळू. महाराष्ट्र राज्याने १९६९ साली फळ रोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा केला. परवान्याशिवाय पन्हेरी चालवू नये, खुंट कोठला व डोळा कोठला याची नोंद ठेवावी, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी अकोल्यास पंजाबरावांच्या नावाने कृषी विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे कायदा व विद्या एकाच वर्षी दारात आली. तरीही रोगट कलमांची तक्रार संपली नाही. आमच्या मते त्याचे कारण असे की कायदा परवाना तपासू शकतो; हिवाळ्याच्या सकाळी मजूर कोणत्या झाडाचा डोळा काढतो, हे पाहावयास तो येऊ शकत नाही. तेथे पाहणारा असतो शेजारचा पन्हेरीवाला. आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यास टोकावे, अशी व्यवस्था संघाशिवाय होत नाही.

१९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना राज्याने काढली. ती उत्तम योजना होती, याविषयी वाद नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर तिने फळझाड उभे केले, मजुरास काम दिले, आणि राज्यातील फळबागांचे क्षेत्र पाहता पाहता अनेक पटींनी वाढविले. पण एकाएकी लाखो कलमांची मागणी आली, तेव्हा ज्याच्याकडे विहीर व अर्धा एकर जमीन तो पन्हेरीवाला झाला. मातृवृक्ष तेवढेच राहिले, मागणी वाढली. मग डोळे कोठून आले असतील हे सांगावयास ज्योतिषी नको.

आम्ही स्वतः सोळा-सतराव्या वर्षी वरुडकडील एका पन्हेरीत कलमे बांधावयास गेलो होतो. सातवीनंतर शाळा सुटली होती. उकिडवे बसून दिवसभर चाकू चालवावयाचा, पाठ मोडून जाई. पण डोळा सालीत बरोबर बसला की जो आनंद होई तो पुढे एखादे चांगले पुस्तक वाचतानाच झाला. मजुरी हजारी दराने मिळे. पुढे आम्ही मजुरांची संघटना बांधली आणि हजारी दर वाढवून मागण्यासाठी मालकांकडे गेलो. प्रत्येक मालक म्हणे, "शेजारच्यानं वाढवला तर मी वाढवतो." शेजारी म्हणे, "त्यानं वाढवला तर." हिवाळा निघून चालला. शेवटी कंटाळून आम्हीच म्हणालो, "काका, तुम्ही आधी आपला संघ करा, म्हणजे आम्हांस बोलावयास कोणीतरी सापडेल." मजुरांच्या पुढाऱ्याने मालकांस संघटित व्हा असे सांगितल्याचे ते उदाहरण बहुधा दुर्मीळ असावे.

संघ झाला. अध्यक्ष झाले एक वयोवृद्ध, मानी गृहस्थ. मजुरीचा करार एका बैठकीत झाला. नंतर संघाने कलमाचा भाव ठरविला, वाहतुकीच्या अडचणी सोडविल्या, अनुदानाची निवेदने दिली. सर्व काही उत्तम चालले होते. मग एके वर्षी एक शेतकरी सभेत आला. हातात डिंकाने चिकटलेली सालीची ढलपी होती. त्याची सहा वर्षांची बाग बसू लागली होती. कलमे संघाच्याच एका सभासदाची. तो ओरडला नाही; एवढेच म्हणाला, "दादा, पैसे नका देऊ. फक्त सांगा, चूक माझ्या पाण्याची का तुमच्या कलमाची? म्हणजे पोराले पुन्हा संत्रा लावू देऊ का नको, हे मले ठरवता येईन."

सभा गप्प झाली. सभासद वजनदार होता. वर्गणी मोठी देई. कोणी म्हणाले, हा दोघांचा खासगी व्यवहार आहे. कोणी म्हणाले, पाणी जास्त दिले असेल. अध्यक्षांनी विषय पुढील सभेवर टाकला, आणि पुढील सभेत तो निघाला नाही. आम्ही मजुरांचे प्रतिनिधी म्हणून तेथे बसलो होतो. आम्हीही बोललो नाही.

हे आमचे न बोलणे आज सांगितलेच पाहिजे. त्या सभासदाच्या पन्हेरीत कलमे जमिनीलगत बांधली जात, हे आम्हांस ठाऊक होते, कारण ती बांधणारे आमचेच लोक होते. डोळा जमिनीपासून निदान वीतभर उंच, म्हणजे वीस ते पंचवीस सेंटिमीटरांवर बांधावा, असे शास्त्र सांगते. कारण जोड मातीस टेकला की ओल्या मातीतील बुरशी थेट संत्र्याच्या सालीत शिरते. पण खुंट खालच्या बाजूस आधी जाड होतो. खाली बांधले तर कलम लवकर तयार होते व लवकर विकले जाते. मालकास घाई भावाची, मजुरास घाई हजाराची. आम्ही वर्षानुवर्षे हजारी दरासाठी भांडलो. त्या हजारांतील एकेक कलम कसे बांधले जावे यासाठी एकदाही भांडलो नाही. मालकाच्या संघाने आपल्या सभासदास वाचविले, आणि मजुरांच्या संघाने आपल्या कामास. दोन्ही संघ मजबूत होते. बुडाला तो संघ नसलेला शेतकरी.

तेव्हापासून पुढारपणाची आमची व्याख्या बदलली. सरकारकडून काय मिळवून आणले यावरून पुढारी मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. मिळवून आणणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. पण त्यात सर्व सभासद आपल्या बाजूचे असतात. कसोटी लागते ती आपल्याच सभासदास "हे कलम विकू नकोस" असे सांगताना. त्या वेळी पुढाऱ्याजवळ ना कायदा असतो, ना पोलीस; असतो तो केवळ आजवर कमावलेला शब्द. हा शब्द ज्याने खर्च करण्याची तयारी ठेवली नाही, त्याने अध्यक्षाची खुर्ची अडवून ठेवली एवढेच म्हणता येईल.

याबाबतीत द्राक्षवाल्यांचे उदाहरण आमच्या संत्रेवाल्यांस नेहमी ऐकवितो. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० साली स्थापन झाला. त्यांनी भावाच्या गोष्टी केल्याच. पण त्याबरोबर चर्चासत्रे भरविली, एकमेकांच्या बागा हिंडून पाहिल्या, पुण्याजवळ मांजरीस प्रयोगशाळेची सोय केली. आपल्या बागेतील चूक दुसऱ्यास दाखविण्यात कमीपणा नाही, ही सवय त्या मंडळींनी अंगी बाणविली. अर्थात द्राक्षाची चूक त्याच हंगामात दिसते, कलमाची सहा वर्षांनी. म्हणून आमच्याकडे ही सवय अधिकच हवी.

आणि आता तर सबबीस जागा उरलेली नाही. नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८० च्या दशकातच उभे राहिले. निवडक मातृवृक्ष, निर्जंतुक माती, पिशवीतील रोप, शेडनेटखालील वाढ, चाकू प्रत्येक वेळी औषधाच्या पाण्यात बुडविणे, या गोष्टी तेथे जाऊन कोणीही पाहून येऊ शकतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे व त्यास ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्णय दिला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने सुमारे १७६६ कोटी रुपयांच्या 'स्वच्छ रोप' कार्यक्रमास मंजुरी दिली. देशातील नऊ केंद्रांतून विषाणुमुक्त मूळ सामग्री पन्हेऱ्यांपर्यंत पोहोचावी अशी ती योजना आहे, आणि लिंबूवर्गीय फळांसाठी त्यांत नागपूरचे नाव आहे. विद्या आहे, न्याय आहे, पैसाही येऊ घातला आहे. पण केंद्रातून निघालेला निर्मळ डोळा पन्हेरीत आल्यावर निर्मळ राहील की नाही, हे पन्हेरीतच ठरणार.

त्याकरिता संघाने काय करावे, हे आम्ही अनुभवाने चार शब्दांत सांगतो. पहिले, प्रत्येक सभासदाने नोंदवही ठेवावी. तीत खुंटाचे बी कोठले, डोळा कोणत्या झाडाचा, कोणत्या तारखेस बांधला, आणि कोणाच्या हाताने बांधला, हे लिहावे. हाताचे नाव लिहिण्याचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. ज्याचे नाव वहीत आहे तो मजूर खाली बांधावयास नाही म्हणू शकेल. आणि चांगल्या हातास चांगला दर मागता येईल. दुसरे, संघाच्या वर्गणीतील काही भाग वेगळा काढून तक्रारींच्या तपासणीसाठी ठेवावा, व तपासणारा माणूस धंद्याबाहेरचा असावा. तिसरे, दोष सिद्ध झाल्यास कलमे बदलून देण्याची जबाबदारी संघाने सामाईक घ्यावी. म्हणजे प्रत्येक सभासद शेजाऱ्याच्या वाफ्याकडे आपल्याच वाफ्यासारखा पाहू लागेल. चौथे, मजुरी केवळ बांधलेल्या हजारांवर न देता उंचीवर बांधलेल्या व जगलेल्या कलमांवर द्यावी. यात मजुराचे नुकसान होणार नाही असा दर ठरविणे, हे आमचे काम. ते आम्ही करू.

यावर कोणी म्हणेल, हे सर्व करणाऱ्या पन्हेरीचे कलम महाग होईल, आणि शेतकरी स्वस्ताकडे जाईल. ही अडचण खरी आहे, आणि तिला एका भाषणाने उत्तर मिळणार नाही. २०१८ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडे उभ्या बागा वाळल्या; पाण्याची पातळी कोठे गेली हे त्या तालुक्यांतील विहिरी सांगतात. अशा मुलखात शेतकऱ्याच्या हातात दहा रुपयांचीही किंमत असते. परंतु पाणी इतके महाग झाल्यावर ते वाईट कलमास पाजणे हीच सर्वांत मोठी उधळपट्टी नव्हे काय? आणि जो संघ आपल्या पावतीवर सहा वर्षांची हमी लिहून देईल, त्याच्या दहा रुपयांस शेतकरी नाही म्हणणार नाही, असा आमचा भरवसा आहे. तो अजून कसाला लागलेला नाही, कारण अशी पावती आमच्या पाहण्यात अद्याप कोणी दिलेली नाही.

तो सालीची ढलपी घेऊन आलेला शेतकरी पुढे आमच्या पुष्कळदा मनात आला. आम्ही दोन वर्षांनी त्याच्या गावी गेलो. बाग काढून त्याने कापूस पेरला होता. आम्ही त्यास उशिराने का होईना, चूक पाण्याची नसून कलमाची होती, असे सांगितले. त्याने पाणी दिले, चहा दिला, आणि म्हणाला, "भाऊ, हेच तवा सांगितलं असतं तर पोराचे दोन वर्सं वाचले असते." याहून मोठी शिक्षा आम्हांस कोणत्या न्यायालयाने दिली नसती.

गाडगेबाबांविषयी आमच्याकडील म्हातारी माणसे सांगत, की ते गावात आले म्हणजे आधी खराटा हाती घेत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. बोलण्याचा अधिकार झाडण्यातून येतो, एवढाच त्याचा अर्थ. पन्हेरीवाल्यांच्या संघांनी सरकारकडे अवश्य जावे, भावासाठी भांडावे, अनुदाने मिळवावीत. परंतु या पावसाळ्यात पेढीच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्यांतील कलमे २०३० नंतर साक्ष देणार आहेत. ती साक्ष आपल्या बाजूने व्हावी असे ज्यांस वाटते, त्यांनी खराटा आधी आपल्या वाफ्यात चालवावा. आणि मजुरांच्या संघटनेने, म्हणजे आम्ही, त्याचे दुसरे टोक धरावे.